आधी कार्ड, मग नंबर



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील वाटचाल’ असा विषय दिला होता. माझी वाटचाल म्हणजे पुण्यात एका खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीवर बसणं. त्यात पंधरा मिनिटं ऐकण्यासारखं काही नाही. म्हणून त्यांची परवानगी काढून मी विषय बदलला. आज मी रंगांच्या नंबरांबद्दल बोलणार आहे. गाड्यांच्या, यंत्रांच्या आणि आपल्या शाळेच्या फाटकाच्या.

फाटकावरून आपल्या ग्रुपवर काय झालं ते सर-बाईंना माहीत नाही, म्हणून सांगते. आपल्या १९९७ च्या बॅचने शाळेचं फाटक रंगवून द्यायचं ठरवलं. रंग आपल्या वेळी होता तोच द्यायचा, हेही एका मिनिटात ठरलं. मग तो रंग कोणता होता यावर तीन दिवस भांडण चाललं. निम्मे म्हणाले निळा, निम्मे म्हणाले हिरवा, आणि एकीने देवाची शपथ घेऊन सांगितलं की करडा. रंगीत फोटो निघाला तो एकच, निरोप समारंभाचा, आणि तोही इतका पिवळा पडलेला की त्यात आपण सगळेच हळदीच्या ढिगातून उठून आल्यासारखे दिसतो. शेवटी ज्याच्याकडे रंगाचं काम दिलं होतं, आपल्याच वर्गातला, त्याने एक ओळ टाकली : ‘भांडू नका. खरवडून बघतो.’

बिजागरीच्या मागे, जिथे ऊन लागत नाही अशा जागी, त्याने वॉटर पेपर पाण्यात बुडवून गोल गोल घासला. असं घासलं की थरांची वर्तुळं दिसायला लागतात, खोड कापल्यावर दिसतात तशी. वरचा थर चॉकलेटी. त्याखाली करडा. त्याखाली परत चॉकलेटी, जरा तांबूस. त्याखाली आपला. आणि सगळ्यांत आत, लोखंडाला चिकटलेला, रेड ऑक्साइडचा प्रायमर. आपल्या थराशेजारी त्याने शेड कार्ड धरलं आणि फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं : ‘आयएस ५. नंबर २१७. सी ग्रीन.’

समुद्री हिरवा.  म्हणजे निळेवाले आणि हिरवेवाले दोघंही आपापल्या जागी अर्धे खरे होते. करडावाली अजून ऐकत नाही. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

आता हा ‘आयएस ५’ काय प्रकार आहे? भारतीय मानक संस्था ६ जानेवारी १९४७ ला सुरू झाली, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी काही महिने. आज तिला भारतीय मानक ब्यूरो म्हणतात. तिने मानकांना नंबर दिले. मानक क्रमांक १ कशाचं आहे? राष्ट्रध्वजाचं. त्यात कापड, शिवण, मापं आणि अर्थातच रंग आले. शेजारच्या नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत झेंडे तयार होतात, ते याच मानकाच्या आधाराने. आणि क्रमांक ५ चं मानक आहे तयार रंगांच्या छटांचं. ‘सिग्नल रेड’ म्हणजे नक्की कोणता लाल, ‘गोल्डन यलो’ म्हणजे नक्की कोणता पिवळा, हे त्यात ठरवून दिलंय.

नंबरांतले बरेचसे इंग्रजांच्या जुन्या यादीतून जसेच्या तसे आले. त्यात एक हिशोब आहे. पहिला आकडा घराणं सांगतो. १ म्हणजे निळे, २ हिरवे, ३ पिवळे, ४ तपकिरी, ५ लाल-नारिंगी, ६ करडे. ५३६ फायर रेड, ५३७ सिग्नल रेड, ५३८ पोस्ट ऑफिस रेड. तिघं सख्खे भाऊ, पण तीन वेगळे रंग. ६३२ चं नाव आहे डार्क ॲडमिरल्टी ग्रे, म्हणजे आरमाराचा गडद करडा. दुकानात त्याला ‘डीए ग्रे’ म्हणतात. हिंगोलीपासून समुद्र किती लांब ते भूगोलाच्या सरांना विचारा, पण मोटारी, पंप, लेथ मशीन यांवर हा आरमाराचा रंग आपल्याकडेही सर्रास बसलेला असतो.

जर्मनांनी हेच काम १९२७ मध्ये केलं. फक्त ४० रंगांपासून सुरुवात केली आणि त्या यादीला ‘राल’ नाव दिलं. तिचे नंबर चार आकडी. तिथेही पहिला आकडा घराण्याचा, पण घराणी वेगळी. १ म्हणजे पिवळे, ३ लाल, ५ निळे, ६ हिरवे, ७ करडे. म्हणजे आपल्या कार्डात ५ लाल, त्यांच्या कार्डात ५ निळा. हे लक्षात ठेवा, कारण माझी फजिती इथूनच सुरू होते.

काही वर्षांपूर्वी मी एका कारखान्यासाठी ऑर्डर घेण्याचं सॉफ्टवेअर लिहीत होते. नाव सांगत नाही. ते विजेच्या पॅनेलच्या पेट्या बनवायचे. गिऱ्हाइकाने रंग निवडला की तो पेंट शॉपच्या कागदावर छापून यायचा. दोन यादी होत्या, आपली आणि जर्मन. मी हुशारी केली. दोन्ही यादींतली सारखी नावं एकत्र करून टाकली, म्हटलं उगाच दोनदा कशाला. ‘लाइट ग्रे’ दोन्हीकडे आहे. ‘सिग्नल रेड’ दोन्हीकडे आहे. नाव एक तर रंग एक, असं मला वाटलं. अभियांत्रिकीची पदवी असलेल्या बाईला हे वाटलं.

आपल्या कार्डातला लाइट ग्रे ६३१. जर्मन कार्डातला लाइट ग्रे ७०३५. दोन वेगळे करडे आहेत. एकेकटे बघितले तर कळणार नाही, शेजारी ठेवले की लगेच कळतं. आणि त्या पेट्या शेजारीच लागणार होत्या, आधी बसवलेल्या रांगेला जोडून. रांगेत मधूनच वेगळ्या रंगाच्या पेट्या उभ्या राहिल्यावर फोन आला. सगळं उतरवून परत पावडर कोटिंग. पैसे कारखान्याचे गेले, झोप माझी गेली.

त्या रात्री मी पुण्याहून एका माणसाला फोन केला. रंगातलं कळणारा माझ्या ओळखीत तो एकच होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “नाव कशाला विचारतेस? आधी कार्ड, मग नंबर. नाव नसलं तरी चालतं.”

तोच हा, फाटक खरवडणारा. औंढा रोडला त्याचं रंगांचं दुकान आहे. तुमच्यापैकी निम्म्यांच्या गाड्यांचे ओरखडे त्यानेच बुजवलेत. तो इथेच बसलाय. स्मरणिकेत नाव छापू नको म्हणालाय, म्हणून घेत नाही. बाकी सांगायला त्याची हरकत नाही. मी विचारलं आहे.

त्याला तांबडा-हिरवा नीट ओळखता येत नाही. जन्मापासून. असा दोष बायकांपेक्षा पुरुषांत पुष्कळ जास्त असतो. आईकडून येतो, आणि आईला स्वतःला बहुधा काहीच नसतं. आपल्या वर्गात कुणालाच हे माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. त्याला एवढंच कळायचं की चित्रकलेच्या तासाला सगळे हसतात.

नववीतली गोष्ट आहे. तेलखडूंची डबी असायची, आठवते ना? प्लॅस्टिकच्या खाचांमध्ये ओळीने खडू. मी त्याच्या मागच्या बाकावर बसायचे. माझ्या लक्षात आलं होतं की हा खडू काढायच्या आधी डावीकडून बोटाने मोजतो. एक, दोन, तीन, चार. मला त्याची गंमत वाटली. एकदा मधल्या सुट्टीत मी त्याच्या डबीतले दोन खडू अदलाबदल करून ठेवले. हिरवा आणि तपकिरी. पुढच्या तासाला निसर्गचित्र होतं. त्याने कयाधूच्या काठचं झाड काढलं. पानं तपकिरी, खोड हिरवं.

सर काही बोलले नाहीत. वही बघितली आणि पुढे गेले. पण आपण बोललो. दहावी संपेपर्यंत बोलत होतो. त्याला जे नाव पडलं ते मी इथे उच्चारत नाही, नाहीतर परत चिकटेल. ते नाव मी ठेवलेलं होतं. मागच्या महिन्यात ग्रुपवर यादी करताना पाहिलं, अजून तिघा-चौघांच्या मोबाइलमध्ये त्याचा नंबर त्याच नावाने आहे. आज घरी जायच्या आधी तेवढं बदला.

त्या रात्री फोनवर, करड्या पेट्यांचं बोलणं झाल्यावर, मी त्याला खडूंचं सांगितलं. एवढ्या वर्षांनी. तो म्हणाला, “मला माहीत होतं. तुझ्या बोटाला रंग लागला होता.” आणि जरा थांबून म्हणाला, “कोणता ते नव्हतं कळलं.”

मी त्यावर किती वेळ हसले आणि किती वेळ दुसरं काही केलं ते जाऊ द्या. पण नंतर मला एक गोष्ट उमगली. चौदाव्या वर्षी त्याने स्वतःपुरता रंगांचा कोड तयार केला होता. जागा हाच नंबर. चौथ्या खाचेत हिरवा. तो कोड बरोबर होता. यादी बिघडवली ती मी. आणि पुढे पुण्यात बसून तेच काम पगार घेऊन केलं.

बारावीनंतर त्याने रेल्वेची परीक्षा दिली. लेखी पास झाला. वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे आलं, ज्यात रंगीत ठिपक्यांमध्ये आकडा लपलेला असतो. एका जपानी डॉक्टरने, इशिहारांनी, १९१७ मध्ये काढलेली ती पद्धत आहे. त्याला आकडा दिसला नाही. इंजिन चालवायचं स्वप्न तिथे संपलं, आणि आपल्याला काय आहे तेही त्या दिवशी कळलं. सिग्नल ओळखायचे तर ते योग्यच होतं, असं तो स्वतः म्हणतो.

मग अशा माणसाने रंगांचं दुकान काढावं? त्याच्या वडिलांनी डोक्याला हात लावला होता. पण आधी तो एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये पत्रा ठोकायला आणि लांबी भरायला होता, आणि तिथे त्याने पाहिलं की रंग आता डोळ्यांनी कमी आणि काट्यावर जास्त बनतो. गाडीच्या दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली पट्टी असते, तिच्यावर रंगाचा कोड असतो. मारुतीचा पांढरा २६यू, रुपेरी झेड-२-एस, असे. कोड संगणकात घातला की कृती येते, पाककृतीसारखी. बेस इतका, काळा इतका, पिवळा इतका. हो, पांढऱ्या गाडीच्या रंगातसुद्धा काळा आणि पिवळा थेंबथेंब असतो. प्रत्येक रंग ओतल्यावर काट्यावर एकूण वजन किती व्हायला हवं ते लिहिलेलं असतं, ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत. डबे त्याने नंबराने लावलेत, आणि एकाही डब्याची जागा बदलायला तो कुणाला परवानगी देत नाही. मला तर त्या फळीला हातच लावू देत नाही. ते साहजिकच आहे.

त्याच्याकडे हातात मावणारं एक यंत्र आहे. रंगावर टेकवलं की तीन आकडे देतं. पहिला उजेड-अंधाराचा, दुसरा तांबडा-हिरव्याचा, तिसरा पिवळा-निळ्याचा. तो मधला आकडा बघा. जे त्याच्या डोळ्यांत नाही, नेमकं तेच त्याला तिथे वाचता येतं.

या यंत्राच्या पोटात कुणाचे डोळे आहेत, हे मी शोधून काढलं. रंगयंत्रं एका ‘सर्वसाधारण निरीक्षका’च्या हिशोबाने चालतात. असा पहिला निरीक्षक १९३१ मध्ये ठरला. इंग्लंडमध्ये दोन शास्त्रज्ञांनी वेगवेगळे प्रयोग केले होते, राइट यांनी १० माणसांवर आणि गिल्ड यांनी ७ माणसांवर. त्या सतरा जणांच्या डोळ्यांची सरासरी म्हणजे तो निरीक्षक. आपल्या वर्गात एका रांगेत यापेक्षा जास्त पोरं बसायची! तुमची कार, एसटी, ट्रॅक्टर, यांचे रंग मोजायची पद्धत मुळात त्या सतरा जणांच्या नजरेपासून सुरू झाली. म्हणजे ज्याला आपण ‘बरोबर दिसणं’ म्हणतो तेही काही लोकांनी बसून ठरवलेलं आहे. आणि ठरवलं हे चांगलंच केलं, त्याशिवाय काही चाललं नसतं.

पण सगळं नंबराने होतं असं समजू नका. तो स्वतःच हे पहिल्यांदा सांगेल. कोड सांगतो गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा रंग. हिंगोलीच्या उन्हात दहा वर्षं उभी राहिलेली एमएच-२२ ची गाडी तो कोड कधीच मागे टाकून आलेली असते. आता बहुतेक गाड्या एमएच-३८, पण आपण दहावीत असताना आपला जिल्हा परभणीच होता, हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. तर अशा जुन्या गाडीच्या एका दाराला कोडाबरहुकूम रंग मारला की ते दार नवं आणि बाकी गाडी म्हातारी दिसते. धातूची चमक असलेल्या रंगात आणखी घोळ. स्प्रे गन जवळ धरली की गडद, लांब धरली की फिका. आणि ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग रस्त्यावर उन्हात नेला की कधी कधी फाटतो. म्हणून पत्र्याच्या पट्टीवर आधी मारून, वाळवून, ती पट्टी गाडीला लावून उन्हात बघावी लागते.

ते बघतात वहिनी. दुकानात शेवटचा शब्द त्यांचा. ‘जरा तांबूस मारतोय’ म्हणाल्या की तो वाद न घालता पुन्हा काट्यापाशी जातो. मी विचारलं, कधी भांडण नाही होत? तर म्हणाला, “मला दिसतच नाही तर भांडू कशावर?” आपल्यापैकी किती नवरे एवढं मान्य करतात ते हात वर करून सांगा. नको, राहू द्या.

दसऱ्याच्या आधी, रामलीला मैदानावर पाळणे उभे राहायला लागले की त्याच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. ट्रॅक्टर, मळणी यंत्र, हळद शिजवायची भांडी, सगळं पूजेआधी रंगवून हवं असतं. ट्रॅक्टरवाल्यांना आपल्याच कंपनीचा लाल हवा, दुसऱ्या कंपनीचा चालत नाही. आणि त्यात त्यांचं चुकत नाही. अमेरिकेतल्या कॅटरपिलर कंपनीने १९३१ मध्ये करड्याऐवजी पिवळा घेतला, कारण रस्त्यावर काम करणारं यंत्र लांबून दिसावं. पुढे १९७९ मध्ये स्वतःचा वेगळा पिवळा केला, कारण तोवर रंग हीच ओळख झाली होती. एक सावधगिरीचं सांगते, फुकट. सेकंडहँड यंत्र चकचकीत ताज्या रंगात दिसलं तर आधी रंगाखाली वेल्डिंग कुठे कुठे आहे ते बघा.

काही रंग मनात आलं म्हणून मारता येत नाहीत. ऑलिव्ह हिरवा फक्त सैन्याच्या गाड्यांना. शाळेची बस गोल्डन यलो, आपल्याच आयएस ५ मधला, नंबर ३५६. बाहेर उभी असलेली आपल्या शाळेची बस त्याच रंगाची आहे. आपल्या वेळी शाळेला बस नव्हती, पाय होते. हा बसचा पिवळा मुळात अमेरिकेतून आला. १९३९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे फ्रँक सायर यांनी बैठक बोलावली, भिंतीवर पिवळ्या-नारिंगीच्या पट्ट्या टांगल्या आणि पहाटे-संध्याकाळच्या अंधुक उजेडात काळी अक्षरं उठून दिसतील असा एक निवडला. गंमत अशी की तांबडा-हिरवा न कळणाऱ्या माणसालाही पिवळा चांगला कळतो. शाळेची बस आपल्या मित्राला तुमच्या-माझ्याइतकीच दिसते.

एक गोष्ट मात्र मला खुपते. पिवळे-नारिंगी रंग पूर्वीपासून शिशाच्या क्रोमेटचे बनत आले. घराला द्यायच्या रंगातलं शिसं आपल्या सरकारने २०१६ च्या नियमांनी दहा लाखांत ९० भागांवर आणलं. ते नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांचे आहेत. यंत्रांना आणि गाड्यांना मारायचे औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. ते घासताना धूळ कुणाच्या नाकात जाते? गॅरेजमधल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या. दुकानात त्याने मास्क टांगून ठेवलेत आणि रंग घेणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात एक देतो. घालत नाहीत, तरी देतो.

आणि एक आनंदाची बातमी, निम्म्या लोकांना माहीत नसेल. वाहन परवान्याच्या अर्जात पूर्वी तांबडा आणि हिरवा ओळखता येतो का असा प्रश्न असायचा. खोटं लिहायचं नाही म्हणून तो कधी आरटीओत गेलाच नाही. दुकानाचे डबे पोचवायला वहिनी स्कूटीवर जायच्या. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. सौम्य ते मध्यम दोष असणाऱ्यांना आता परवाना मिळतो. चाळिशी उलटल्यावर त्याने लर्निंग लायसन्स काढलं. सिग्नल कसा ओळखतोस विचारलं, तर म्हणाला, “वरचा थांब, खालचा जा. जागा ठरलेल्या असतात, आणि त्या कुणाला बदलता येत नाहीत.” हे म्हणताना माझ्याकडे बघितलं.

तर फाटकाचं. काम परवा पूर्ण झालं. दोन हात प्रायमर, दोन हात रंग. जुना थर वाळून जरा पिवळसर झाला होता, म्हणून यंत्राचा आकडा आणि वहिनींची नजर यांत किंचित फरक पडला. शेवटी त्याने कार्डावरचा रंग घेतला, भिंतीआड म्हातारा झालेला नाही.

बाहेर जाताना उजव्या फाटकाच्या आतल्या बाजूला, खालच्या पट्टीवर वाकून बघा. पांढऱ्या रंगात बारीक अक्षरांत त्याने लिहून ठेवलंय : ‘आयएस ५, २१७’, त्याखाली तारीख आणि ‘१९९७ ची बॅच’. रंगाचं नाव लिहिलेलं नाही. मी विचारलं, नाव का नाही लिहिलं? त्याने ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “नावं ठेवायचं काम तुझं.” मी ब्रश थिनरमध्ये बुडवला आणि परत दिला.